घरच्या घरी ताल : यंत्र कोणतं घ्यावं, कान कसा तयार करावा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सप्ताहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



नोटीस बोर्डावर आजचा विषय लागला तेव्हा दोघा-तिघा ज्येष्ठांनी मला जिन्यात गाठलं. एकांनी विचारलं, “बीट म्हणजे ते कोशिंबिरीतलं का?” दुसरे पोलीस खात्यातून निवृत्त झालेले, त्यांना बीट हवालदार आठवला. तर मंडळी, आजचं बीट म्हणजे गाण्याच्या खाली चालणारा ताल, त्याला धरून असलेला खर्जाचा सूर आणि वर फिरणारी एखादी छोटी धून. हे सगळं एकट्याने, घरात बसून, कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर तयार करणं याला मुलं ‘बीट मेकिंग’ म्हणतात. त्यावर कोणी रॅप म्हणतं, कोणी गाणं बसवतं, कोणी रील करतं.

हा विषय कमिटीने का ठेवला हे सर्वांना माहीत आहे, मग आडपडदा कशाला? आपल्या आवारात अशी पाच-सहा मुलं आहेत. त्यातल्या एका मुलीचा हात फारच चांगला आहे. आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या वर्षभरात ‘रात्री धडधड होते’ अशा तक्रारीही पुष्कळ आल्या आहेत. आईवडील मला विचारतात, “एवढं सामान मागतोय, घेऊन देऊ का?” मुलं विचारतात, “काका, कोणतं घेऊ?” आणि खालच्या मजल्यावरचे विचारतात, “हे बंद कधी होणार?” या तिघांनाही आज उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीमुळे सांगलीकर झालेला. लहानपणी तबला शिकलो, तरुणपणी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवला, आणि हल्ली सुट्टीच्या दिवशी भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो. बोलायचा अधिकार म्हणाल तर एवढाच.

पहिली गोष्ट, हे आपल्याकडे आजच आलेलं नाही. ज्यांनी सातारा-सांगलीच्या वराती बघितल्यात त्यांना बेंजो पार्टी सांगायला नको. बेंजो, कॅसिओ, ताशा, आणि मधोमध ऑक्टोपॅड घेऊन उभा असलेला गडी. (आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असो, त्याला कॅसिओच म्हणायचं.) हा ऑक्टोपॅड म्हणजे जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ च्या सुमारास काढलेलं आठ रबरी चौकटींचं यंत्र. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत बोंगो होते, काँगो होते, टिंबाली होती. आपली हलगी काही नव्हती. मग वादक काय करत? टिंबालीचा सूर चढवायचा, तिची आस कापायची, तिच्यामागे एक बारीक टिचकी जोडायची, आणि ती हलगीच्या जवळपास आणून ठेवायची. कोणाकडे माहितीपुस्तक नसायचं, असलं तरी इंग्रजीत. पण हलगी कशी वाजते हे त्यांच्या कानात होतं, त्यामुळे कुठलं बटण कुठे फिरवायचं ते सापडत गेलं. माझ्या मते आपल्या भागातले पहिले बीट मेकर हेच. त्यांची नावं कुठल्याही कॅसेटवर छापली गेली नाहीत.

आता आपल्याच दोन गावांची एक जुनी हकिगत सांगतो. ती मला फार आवडते, आणि सामान कोणतं घ्यायचं या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे.

साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे गृहस्थ होते. निवृत्त डेप्युटी कलेक्टर. पेन्शन घेऊन स्वस्थ बसायचं सोडून त्यांनी सप्तकातल्या बावीस श्रुती मोजायला घेतल्या. तारेची लांबी मोजायची, कंपनांचा हिशोब करायचा. त्यांच्या प्रयोगांना गळा लाभला तो उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचा. पुढे मिरजेत स्थायिक झालेले आणि १९३७ मध्ये वारल्यावर मिरजेच्या दर्ग्याजवळच दफन झालेले, तेच. देवलांचं इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये निघालं. त्याच सुमारास साताऱ्याला न्यायखात्यात अर्नेस्ट क्लेमंट्स नावाचे इंग्रज आयसीएस अधिकारी होते, त्यांनाही याच विषयाने झपाटलेलं. या दोघांनी मिळून १९११ मध्ये साताऱ्यात ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ स्थापन केली. विचार करा, १९११ चा सातारा, आणि तिथे एक इंग्रज जज्ज आणि एक सांगलीकर पेन्शनर गंधार किती खाली-वर असावा यावर खल करत बसलेत!

त्यांची तक्रार खरी होती. पेटीचे सूर पाश्चात्त्य पद्धतीने बारा सारख्या भागांत कापलेले असतात. आजच्या मापात सांगायचं तर एका सप्तकाचे १२०० बारीक भाग करतात, त्याला सेंट म्हणतात. तानपुऱ्याच्या षड्जातून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार ३८६ सेंटवर असतो. पेटीवरचा, कॅसिओवरचा गंधार ४०० वर असतो. म्हणजे १४ सेंट चढा. कान तयार असला की तो टोचतो. यावर उपाय म्हणून या मंडळींनी जास्त पट्ट्यांची ‘श्रुती हार्मोनियम’ थेट लंडनच्या कारखान्यातून बनवून घेतली आणि १९१६ मध्ये बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत मांडली.

झालं काय? जमलेल्या जाणकारांना ती पटली नाही. गवयाचा सूर रागागणिक हलतो, मिंडेतून येतो, आंदोलनात राहतो. पट्ट्या कितीही वाढवल्या तरी तो एका जागी खिळत नाही. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने साध्या पेटीवरही बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली. आणि गंमत बघा, श्रुती पेटी मागे पडली, साधी पेटी मात्र आजही प्रत्येक भजनी मंडळात आहे. कारण चांगला पेटीवादक कुठला सूर दाबायचा नाही हे जाणतो. यंत्राची उणीव तो कानाने झाकतो.

मागच्या मुलांनो, आता तुमच्या कामाचं. देवल-क्लेमंट्सना ज्यासाठी लंडनला ऑर्डर द्यावी लागली, ते तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फाइन ट्यून’ नावाच्या एका बटणात आहे. तानपुऱ्याचा नमुना लावा, त्यावर गंधार धरा, तो १४ सेंट खाली आणा आणि दोन्ही ऐकून बघा. फरक कळला तर पुढचं सामान घ्यायला तुम्ही तयार आहात. नाही कळला तर पैसे ठेवा, महिनाभर रोज दहा मिनिटं हेच करा. याला खर्च शून्य.

सामानाकडे येऊ. इथे मी जरा सावकाश बोलतो, कारण घरोघरी वाद याच्यावरून आहेत.

कॉम्प्युटर बहुतेकांकडे आहे. आठ जीबी रॅममध्ये सुरुवात होते, सोळा असेल तर सुख. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली तर जुना लॅपटॉपही पळायला लागतो, म्हणून नवीन घेण्याआधी तेवढं करून बघा. सॉफ्टवेअरमध्ये मुलांचं लाडकं आहे एफएल स्टुडिओ. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं, आणि त्याचं वय आपल्या सोसायटीपेक्षा दोन-तीन वर्षांनीच जास्त आहे, तेव्हा त्याचं नाव फ्रुटीलूप्स होतं. ते एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात. फुकटची चाचणी आवृत्तीही आहे, पण तिच्यात साठवलेलं काम विकत घेईपर्यंत परत उघडता येत नाही. रीपर नावाचं सॉफ्टवेअर साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि नंतरही त्याची किंमत माफक आहे. एलएमएमएस पूर्ण मोफत. ॲपलचा फोन किंवा मॅक असेल तर गॅरेजबँड आधीच मिळालेलं असतं. बाकीच्यांना मोबाईलवर बँडलॅब आहे. ‘क्रॅक’ केलेलं कोणी पेनड्राइव्हवर आणून देतो म्हणाला तर हात जोडा. एक तर ती चोरी आहे. दुसरं म्हणजे त्यातून येणारे व्हायरस तुमच्या वडिलांच्या बँकेच्या पासवर्डपर्यंत जातात.

कोणतं सॉफ्टवेअर चांगलं यावर मुलं तासन्‌तास भांडतात. मला हा वाद चहा उकळण्यासाठी पितळी पातेलं की स्टीलचं असा वाटतो. एक घ्या आणि वर्षभर बदलू नका.

पहिला पैसा कशावर घालावा? माझं उत्तर ठाम आहे : वायरचे, कान पूर्ण झाकणारे चांगले हेडफोन. ऑडिओ-टेक्निका, सोनी यांचे स्टुडिओसाठीचे साधे प्रकार पाच हजारांच्या आतबाहेर सुरू होतात. ब्लूटूथचे घेऊ नका. ते गाणं ऐकायला ठीक आहेत, पण तुम्ही पॅड दाबता आणि आवाज क्षणभराने येतो, त्या अंतरात तुमची लय बिघडते. ‘एक्स्ट्रा बास’ लिहिलेलेही नकोत. ते तुम्हाला खोटं सांगतात. तुम्हाला वाटतं बास पुष्कळ आहे, म्हणून तुम्ही कमी टाकता, आणि दुसऱ्याच्या स्पीकरवर तुमचं गाणं पिठलं सोडून नुसती भाकरी खाल्ल्यासारखं लागतं.

दुसरा पैसा छोट्या मिडी कीबोर्डवर. पंचवीस पट्ट्या, आठ पॅड, आठ-दहा हजारांच्या घरात. यातून स्वतःचा आवाज निघत नाही, तो फक्त कॉम्प्युटरला सांगतो की कोणती पट्टी किती जोराने दाबली. माउसने टिंब टिंब टाकून ताल होतो, पण त्यात हात येत नाही. तबला शिकलेल्या मुलाला पॅड दिला की आठवड्यात फरक दिसतो.

ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडायची पेटी, ही तेव्हाच घ्या जेव्हा खरोखर माईकने काही रेकॉर्ड करायचं असेल. दहा ते पंधरा हजारांत फोकसराइटची साधी मिळते. घेतलीत तर एक आकडा समजून घ्या : बफर. तो ५१२ वर असेल तर आवाज तेवढ्यानेच साधारण १२ मिलिसेकंद उशिरा येतो, १२८ वर केला तर जेमतेम ३. वाजवताना कमी ठेवा, शेवटची जुळवाजुळव करताना वाढवा. ‘माझं कीबोर्ड खराब आहे, मागे पडतं’ म्हणून माझ्याकडे आलेल्या चार मुलांपैकी तिघांचा दोष या एका आकड्यात होता.

आणि ज्यावर सगळ्यांचा जीव असतो ते स्टुडिओ मॉनिटर, मोठे स्पीकर, ते सर्वांत शेवटी. तीस हजारांच्या पुढे जोडी जाते. पण खरं कारण पैसा नाही. खरं कारण तुमची खोली आहे.

आपल्या बेडरूम साधारण दहा फुटी. दहा फूट अंतराच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकतो आणि फुगतो. नेमका तिथेच बीटचा बास असतो. म्हणजे खोलीच्या एका कोपऱ्यात बास गडगडतो, पलंगावर बसलं की गायब होतो. तुम्ही दुरुस्ती करता ती गाण्याची नाही, आपल्या बिल्डरच्या भिंतींची. पन्नास हजारांचे स्पीकर आणून हा दोष जात नाही, उलट स्पष्ट ऐकू येतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणारे खूप आहेत. त्याने आवाज बाहेर जायचा थांबत नाही आणि बासला तर ते दिसतही नाहीत. झुरळं मात्र होतात. पुस्तकांचं भरलेलं कपाट, जाड गादी, कापडात बांधलेला रॉकवूलचा चार इंची थर, याने खोलीतला आवाज सुधारतो. शेजारी जाणारा आवाज अडवणं हे वेगळं आणि फार खर्चाचं काम आहे. खालच्या पट्टीचा आवाज भिंतीतून, स्लॅबमधून जातो. दार लावून तो थांबत नाही, म्हणूनच खालच्या काकूंना गाणं ऐकू येत नाही, फक्त धडधड ऐकू येते. त्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे.

कायदाही त्यांच्या बाजूने आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ४५ म्हणजे दोन माणसांच्या हळू बोलण्याहूनही कमी. डॉल्बीने आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गणपतीच्या मिरवणुकांचं काय केलंय ते आपण बघतोच, छातीत धडकी भरवणं म्हणजे संगीत असा एका पिढीचा समज त्यातून झाला. घरी बीट करणाऱ्याने तरी तो सोडावा. हेडफोनवरही आवाज बेताचा ठेवा. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची सुरक्षित मर्यादा धरतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. कान गेला की तो कुठल्याही दुकानात मिळत नाही.

आता शिकण्याबद्दल. यात सगळ्यांत जुनी युक्ती सगळ्यांत उपयोगी आहे : पढंत. तबल्याच्या गुरुजींनी आम्हाला बोल तोंडाने म्हणता आल्याशिवाय तबल्यावर हात ठेवू दिला नाही. तसंच करा. सॉफ्टवेअर उघडण्याआधी ताल तोंडाने म्हणा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, मगच पॅडला हात लावा. नाही तर मुलं तयार लूप चाळत बसतात आणि दोन तास कसे गेले कळत नाही.

तुमच्या पडद्यावर सोळा चौकोन असतात. त्याला घाबरू नका, सोळा मात्रांचा तीनताल तुम्हाला माहीत आहे. केहरवा आठाचा, तो सोळा चौकोनांत दोनदा बसतो. पण दादरा सहाचा, रूपक साताचा. चौकोनांची संख्या बदलता येते, बदला! सगळं जग चारच्या पटीत वाजवतंय आणि आपल्या आजीला सातात टाळी देता येते, ही केवढी शिदोरी आहे.

दुसरी गोष्ट दाब. यंत्र प्रत्येक ठोका सारख्या जोराने वाजवतं. माणूस तसं वाजवत नाही. समेवर वजन, खालीवर हात हलका, मधले बोल कुजबुजल्यासारखे. सॉफ्टवेअरमध्ये याला व्हेलॉसिटी म्हणतात. एकच ताल घेऊन फक्त दाब बदलून चार तऱ्हा करून बघा.

तिसरी, जागा. ‘क्वांटाइझ’ बटण दाबलं की सगळे ठोके चौकटीत चिकटतात. धनगरी ढोल किंवा हलगी तशी चिकटवली की मेलीच. ती मुद्दाम किंचित मागे रेलते, मग झेप घेते. ८० च्या लयीत एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची असते, त्यात दहा-पंधरा मिलिसेकंद इकडेतिकडे हाच सगळा झोक. तो चौकटीत कोंबू नका. चांगल्या वादकाचं रेकॉर्डिंग पडद्यावर ठेवा आणि त्याचे ठोके रेषेपासून किती सरकलेत ते बघा. महिनाभर एवढंच केलंत तरी शंभर व्हिडिओ बघण्याहून जास्त कळेल.

एक आजार मात्र सर्वांना असतो, मी त्याला आवर्तनज्वर म्हणतो. आठ मात्रांचं छान काहीतरी जमतं, ते फिरत राहतं, मुलगा मान हलवत राहतो, आणि गाणं कधी पुरं होत नाही. हार्ड डिस्कवर दोनशे तुकडे, पुरं एकही नाही. उपाय : कसलं का होईना, दर पंधरा दिवसांनी अडीच मिनिटांचं एक काम पुरं करायचं. मुखडा, उठाण, मध्येच सगळं थांबवून मोकळी जागा, परत सम. तिहाई येत असेल तर वापरा, जगात ती दुसऱ्या कोणाकडे नाही. पुरं झालं की मोबाईलच्या स्पीकरवर, रिक्षातल्या स्पीकरवर ऐका. १०० हर्ट्झच्या खालचा बास मोबाईलमधून जवळजवळ येतच नाही. तिथे तुमचा ताल उभा राहतो का ते बघा.

आणि ऐकायला शिकायचं असेल तर दहा-बारा किलोमीटरवर मिरज आहे. सतारमेकर गल्लीत जा. शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे कारागीर, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तिथे तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा येतो, तुणीचं लाकूड येतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे जवारी काढताना बघा. कारागीर घोडीचा माथा कानशीने दोन हात मारून घासतो, तार छेडतो, ऐकतो, परत एक हात. तारेखाली सुताचा जीव सरकवतो. मापपट्टी नाही, मीटर नाही. एका क्षणी ती तार उघडते आणि सगळी खोली झणकारते. तुम्ही इक्वलायझरचं बटण फिरवताना नेमकं हेच करायचं असतं : थोडं हलवा, ऐका, थांबा. मुलं मात्र बटण इकडून तिकडे गरगर फिरवतात.

जुन्या, टाकाऊ यंत्राबद्दल एक बोलतो आणि मग मुख्य मुद्द्यावर येतो. रोलँडचंच टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० ला आलं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून चाललं नाही, १९८३ ला बंद झालं. ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागलं तेव्हा अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांतल्या पोरांनी ते उचललं, आणि आज जगभर ‘एट-ओ-एट’ हा बासचा प्रतिशब्द झालाय. इकडे मुंबईत चरणजित सिंग नावाच्या सिनेमातल्या वादकाने १९८२ मध्ये हेच यंत्र आणि आणखी दोन घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. तेव्हा कोणी विचारलं नाही. जवळजवळ तीस वर्षांनी परदेशात ती परत निघाली आणि लोक थक्क झाले. त्यांच्या यंत्रात काही जादू नव्हती, तीच यंत्रं इतरांकडेही होती. पण राग त्यांच्याकडे होते.

आपल्याकडे काय आहे? तमाशातली हलगी आणि ढोलकी आहे. कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा इथल्या ज्येष्ठांनी रात्र रात्र जागून बघितलाय. संबळ, दिमडी, चौंडकं, तुणतुणं आहे. रसवंतीच्या चरकाचे घुंगरू आहेत, ते ऐकून मला आजही पाय थांबवावासा वाटतो. हे कुठल्याही विकतच्या सॅम्पल पॅकमध्ये नीट नाही. पॅकमध्ये ‘इंडियन पर्कशन’ म्हणून जे येतं त्यात हलगी कुठेतरी दुसऱ्याच नावाने येते आणि डब्यासारखी वाजते.

तेव्हा ती आपणच रेकॉर्ड करू. हलगी मोकळ्या जागेत घ्या, बंद हॉलमध्ये नको. मोबाईल किंवा माईक सहा-आठ फुटांवर. हलगी शेकून ताणलेली असताना तिचा आवाज फार टोकदार असतो, म्हणून रेकॉर्डिंगची पातळी कमी ठेवा, काटा लाल रंगाच्या पुष्कळ खाली राहू दे. आधी जाड टिपरूचे सुटे ठोके, मग बारीक काडीचे, मग दोन्ही मिळून, हळू, जोरात, असे प्रत्येकी दहा-दहा. शेवटी वादकाला मोकळं सोडा, त्याला हवं ते पाच मिनिटं वाजवू द्या. खरा ऐवज त्यात असतो.

आणि इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. ज्या समाजांनी हे वाद्य पिढ्यान्‌पिढ्या हातात धरलं, त्यांना त्याबद्दल मानापेक्षा अपमानच जास्त मिळाला. वरातीत त्यांना पुढे चालवलं आणि जेवायला मागे बसवलं. आज मोबाईलवर फुकट रेकॉर्ड करून त्यांचा हात आपल्या नावावर खपवला तर आपण वेगळं काय केलं? वादकाला आधी ठरवून पैसे द्या, कागदावर दोन ओळींची संमती घ्या, आणि गाणं निघेल तिथे त्याचं नाव लिहा. कायद्यातही वादकाचा स्वतःच्या वादनावर हक्क आहे. पण कायदा नसता तरी हे करायला हवं होतं.

एक सूचना सर्वसाधारण सभेसाठी. ऑफिसमागची खोली सध्या जुन्या खुर्च्या आणि गणपतीच्या मखराने भरली आहे. तिला कोणाच्याही फ्लॅटची भिंत चिकटलेली नाही. सहा घरांनी सहा जोड्या स्पीकर घेण्यापेक्षा तिथे एक जोडी, एक इंटरफेस, एक बरा माईक सामाईक ठेवता येईल. वेळ सकाळी दहा ते रात्री आठ, चावी वॉचमनकडे, नोंदवही सक्तीची. महिला मंडळाच्या भजनाचं रेकॉर्डिंगही तिथेच होईल. हलगी वाजवायला बाहेरून कलाकार आले तर त्यांना गेटवर अडवायचं नाही, हेही त्या ठरावात लिहून घ्या. मखर कुठे ठेवायचं यावर चर्चा लांबेल हे मला माहीत आहे.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यातले दोन.)

“यातून पोट भरेल का?” असं एका भगिनींनी विचारलं. ताई, लगेच नाही. बीट ऑनलाइन भाड्याने देता येतात, प्रचाराची गाणी, लग्नाचे व्हिडिओ, भक्तिगीतं यांना ताल लागतो, ही कामं आपल्या जिल्ह्यातही मिळतात. २०१२ च्या कायद्याच्या दुरुस्तीनंतर सिनेमातल्या गाण्याच्या संगीतकाराचा रॉयल्टीवरचा हक्क बराच पक्का झाला आहे. पण पहिली दोन-तीन वर्षं याला छंदाचा खर्च समजा, आणि तोही हेडफोन आणि कीबोर्ड मिळून पंधरा हजारांच्या वर जाऊ देऊ नका. कॉलेज सोडू देऊ नका. मुलगी पंधरा दिवसांनी एक काम पुरं करते का, एवढं बघा. वर्षभर करत राहिली तर पुढचं सामान घ्यायला मीच तुमच्याबरोबर दुकानात येतो.

दुसरा प्रश्न सातवीतल्या एका मुलाचा होता : “काका, माझ्याकडे आईचा जुना मोबाईलच आहे. मी काय करू?” बाळा, उद्या शाळेतून येताना रसवंतीवर थांब. मालकांना विचार, आणि चरक चालू असताना घुंगरांचा एक मिनिट आवाज घे. मग आपल्या लिफ्टच्या दाराचा घे, आजीच्या खलबत्त्याचा घे. रविवारी दहा वाजता माझ्याकडे ये, त्यांचा केहरवा करू. येताना चार्जर आण, त्या मोबाईलची बॅटरी टिकत नाही असं तुझी आईच सांगत होती.